सतरावी ओळ

अक्षरवाल्या काकांचा एक हट्ट होता. दगडावर कुणाचंही नाव कोरायचं असलं, की आधी घरच्या माणसाने ते तोंडाने म्हणायचं, मग काका म्हणणार, आणि मगच छिन्नीला हात. "कागदाचा काय भरवसा? माणूस आपल्या माणसाचं नाव चुकत नाही," असं ते ठणकावून सांगायचे. काकू हसायच्या, "नावं ठेवणारे पुष्कळ असतात, आमचे हे नावं कोरणारे."

असा हा काटेकोर माणूस महिनाभर एका ओळीपाशी अडून बसला होता.

खिंडीतल्या मोहिमेला पन्नास वर्षं झाली म्हणून दोन्ही बाजूंनी मिळून एकच शिळा उभारायचं ठरवलं होतं. एके काळी एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसं आता एकत्र बसून चहा पीत होती; बरंच झालं म्हणा. पलीकडच्यांची नावं सतरा. सोळा कोरून झाली. सतराव्या ओळीत लिहायचं होतं 'अज्ञात'. आणि हा अज्ञात कोण, ते फक्त काकांना ठाऊक होतं. तेव्हा विशीत असलेले काका त्याच मोहिमेत शिपाई होते.

त्याचं प्रेत बर्फात पुरलं काकांनीच. गळ्यातला नावाचा बिल्ला काढून साहेबांकडे द्यायचा, असा नियम. पण त्याआधी काकांनी त्याचे बूट काढून पायात घातले होते. स्वतःच्या बुटांचे तळ गेलेले, बोटं काळी पडायला लागलेली. बिल्ला दिला की प्रेत दाखवावं लागणार, अनवाणी प्रेत, आणि चोरी उघडी पडणार. काकांनी बिल्ला ओढ्यात फेकला. पुढे कुणाला तरी ते प्रेत सापडलं, बिनबिल्ल्याचं. नाव मात्र काकांनी वाचलं होतं. ते काही फेकता येईना.

एका सकाळी पलीकडचा एक म्हातारा शिळा बघायला आला. स्टुलावर बसला, सोळा नावांवरून बोट फिरवलं.

"सतरावा माझा धाकटा भाऊ असेल असं वाटतं," तो म्हणाला. "पण पुरावा नाही. बिल्ला मिळाला नाही, म्हणून आमच्याच लोकांनी त्याला फरार ठरवलं. आई मरेपर्यंत पळपुट्याची आई म्हणून जगली."

मेलेल्याला बुटांचा काय उपयोग, अशी काकांनी पन्नास वर्षं स्वतःची समजूत घातली होती. जिवंत आईचा विचार एकदाही केला नव्हता. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

त्यांनी भावाचं नाव विचारलं नाही. स्वतःच म्हटलं, आडनावासकट.

म्हातारा बघतच राहिला. "मी तर सांगितलं नव्हतं तुम्हाला."

मग काकांनी सगळं सांगून टाकलं. "बूट मोठे होते," ते म्हणाले. "पुढे निळ्या कापडाचे बोळे कोंबलेले."

"माझे होते ते," म्हातारा म्हणाला. "त्याचे फाटले होते, म्हणून निघताना मीच दिले. बोळे आईने घातले."

मग म्हाताऱ्याने खिशातून कागद काढला. "तो पळाला नव्हता, असं लिहून द्या. बुटांसकट सगळं लिहा, आणि सही करा."

काकांनी लिहिलं, सही केली. आणि सवयीने छिन्नी उचलली.

"नाव कोरायचंच आहे," म्हातारा म्हणाला, "पण तुम्ही नको."

काकांनी छिन्नी खाली ठेवली आणि दुसऱ्या एका कारागिराचा पत्ता लिहून दिला. "त्याच्यासमोर नाव तुम्ही तोंडाने म्हणा," एवढंच ते म्हणाले.