दुपारची पाळी

गणपतराव खापरखेड्याच्या वीजकेंद्रात टर्बाइनवर होते. निवृत्त होऊन नागपुरात मुलाकडे, मानेवाड्याला राहायला आले, तरी पाय एका जागी ठरत नव्हते. आयुष्यभर पाळीत मशीनभोवती फेऱ्या मारल्या, काटे बघितले. आता घरातल्या घरात तेच चालायचं. गॅसचं बटण बघ, टाकी बघ, दाराची कडी बघ.

त्या आठवड्यात त्यांच्या पत्नी शोभाताई उमरेडला गेल्या होत्या. बहिणीचं ऑपरेशन होतं. मुलगा अंकित आणि सून गुंजन, दोघेही नोकरीवर. सहा महिन्यांची खुशी आजोबांकडे. निघताना सुनेनं समजावून सांगितलं होतं, "बाबा, डोळे चोळायला लागली की लगेच पाळण्यात ठेवा. खोलीत अंधार करा, मग झोपते ती."

खुशी झोपायची, पण टिकायची नाही. पडदे ओढलेले, कुलर घरघरतोय, पोर गाढ झोपलेली. आणि गणपतराव दाराशी. आत डोकावायचे, वाकायचे, नाकाशी बोट न्यायचे. पोर डोळे उघडून टकामका बघायची, मग ओठ काढायची. पुन्हा खांद्यावर घे, थोपट, ठेव. ते बाहेर येऊन बसत नाहीत तोच पाय पुन्हा उठायचे. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोर रडून लालबुंद झाली होती.

तेवढ्यात शोभाताईंचा फोन आला.

"झोपली का पोरगी?"

"नाही झोपून राहिली वं. ठेवली का उठते."

शोभाताई हळूच म्हणाल्या, "तुमी घडी घडी जाऊन पाहून राहिले असान."

गणपतरावांनी रडणाऱ्या खुशीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

अंकितच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. मनी. खापरखेड्याच्या क्वार्टरमध्ये ती दुपारी झोपली ती उठलीच नाही. ते तेव्हा ड्यूटीवर होते. बाळाच्या झोपेचं भय तेव्हापासून मनात होतं, पण नवराबायकोत त्याविषयी एक शब्द निघाला नव्हता.

"अवो," शोभाताई म्हणाल्या, "मले का भेव वाटत नाही? मी बी पाहतो. पण वाकून नाही पाहत. बाजूले बसतो अन् पोटावर हात ठेवतो. श्वास हाताले समजते. पोरगी बी झोपते."

"मनी गेली तवा मी घरी असतो त..."

"असते तरी गेली असती. डॉक्टरनं सांगतलं होतं. तुमी ऐकलंच नाही. जा, बसा तिच्यापाशी."

गणपतरावांनी फोन ठेवला. खुशीला शांत करून पाळण्यात निजवलं, खुर्ची ओढली आणि तळहात तिच्या पोटावर अलगद टेकवला. पोट वर यायचं, खाली जायचं. बाहेर भंगारवाल्याचा भोंगा ओरडत गेला. खुशी चुळबुळली, पण उठली नाही. उठून कडी बघून यावं, असं त्यांच्या पायांना वाटत होतं. एकदा ते अर्धे उठलेही. तळव्याखाली पोट हललं आणि ते परत बसले.

गुंजन आली तेव्हा हात बधिर झाला होता. झोपली का, असं तिनं खुणेनंच विचारलं, तसं त्यांनी होकारार्थी मान हलवली. ती चप्पल हातात घेऊन आत निघून गेली. गणपतरावांनी हात काढला नाही.