शाबूत पॅकिंग

त्याचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. आंघोळ, डबा, पाऊण तास चाल, आणि साडेसहाला किल्ली गॅरेजच्या कुलपात. गॅरेज उघडायची वेळ साडेआठची. पण रात्रभर उभं राहिलेलं इंजिन तेव्हा पूर्ण गार असतं, आणि गार इंजिन सुरू करून ते कसं तापत जातं हे पाहिल्याशिवाय तो कुठल्याच गाडीचं दुखणं सांगत नसे. अठ्ठावीस वर्षं त्याने हे केलं. त्या दोन तासांचा पगार कोणी दिला नाही, त्यानेही मागितला नाही.

गॅरेज बायकोच्या धाकट्या भावाचं. मेहुणा मालक आणि नात्याने मोठा भावोजी पगारी मिस्त्री. नातं अवघड, पण निभावलं. कारण मेहुण्याला गाडीतलं काडीचं कळत नव्हतं, आणि एवढं मात्र त्याला कळत होतं.

"भावोजींनी पाइपला हात लावला की झालं," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. "तापमानाचं मीटर आणायचे पैसे वाचले माझे."

त्यात अतिशयोक्ती नव्हती. इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडे सोडणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो उघडला की रेडिएटरचा खालचा पाइपही गरम होतो. बंद अवस्थेत अडकला, तर इंजिन उकळतं आणि खालचा पाइप गारच राहतो. मिस्त्री त्या पाइपला चार बोटं टेकवायचा आणि सांगायचा. कधी चुकला नव्हता.

गेल्या वर्षापासून मात्र बोटांची टोकं कामातून गेली होती. नुसती बधिर झाली असती तर बरं. ती सदा ऊबदार भासायची, आत मुंग्या चालल्यासारखी. बायकोला माहीत होतं. तव्यावर भाजलेलं बोट त्याच्याआधी तिला दिसलं होतं.

"अहो, दाखवा कुणाला तरी."

"कामाचे हात आहेत, चालायचंच. तुझ्या भावाला बोलू नकोस."

सोमवारी व्हॅनवाल्या बाई आल्या. अकरा मुलांना शाळेत नेणं-आणणं हीच त्यांची कमाई. तापमानाचा काटा चढत होता, वाटेतच वाफ निघत होती.

"मिस्त्री, गाडी लवकर द्या. दोन दिवस मी दिसले नाही तर तिसऱ्या दिवशी आया दुसरी व्हॅन बघतात. त्यांचं तरी काय चुकलं?"

इंजिन गार झाल्यावर त्याने ते पुन्हा सुरू केलं, काटा चढू दिला आणि खालच्या पाइपला बोटं टेकवली. ऊब लागली. पाण्याच्या टाकीत बुडबुडेही दिसले, हेडखालचं पॅकिंग फाटलं की येतात तसे. उकळत्या पाण्यात बुडबुडे येतातच, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पण हाताने एकदा कौल दिला की तो पुढे जात नसे.

"व्हॉल्व्ह चालू आहे. हेडचं पॅकिंग गेलंय."

हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवायचं म्हणजे निम्मं इंजिन मोकळं करायचं. मंगळवारी दुपारी हेड उतरलं. त्याने पॅकिंग उचलून उजेडात धरलं. सगळ्या कडा शाबूत. फाट नाही, काळा ओघळ नाही. तो स्टुलावर बसला. मग उठून त्याने व्हॉल्व्ह काढला आणि चहाच्या पातेल्यात पाणी उकळून आत सोडला. पाणी खळखळत राहिलं. व्हॉल्व्ह मिटलेलाच.

म्हणजे पाइप गार होता. गारच असायला हवा.

त्याने स्टीलचे दोन ग्लास भरले. एक नळाच्या पाण्याचा, एक पातेल्यातल्या उकळत्या पाण्याचा. डोळे मिटून बोटं टेकवली. दोन्ही सारखेच. मग मनगटाची आतली बाजू दोन्हींना लावून पाहिली, आणि दुसऱ्या ग्लासावरून हात झटकन मागे आला.

मेहुणा आला तेव्हा त्याने सगळं सांगितलं, वर्षभराचंही.

मेहुण्याने उतरवलेल्या हेडकडे पाहिलं. "पॅकिंग गेलंय असं मी बाईंना सांगून बसलोय. हेड उघडलं की नवं टाकावंच लागतं ना? मग झालं तर."

"गेलं नव्हतं."

"त्यांना काय कळणार आहे?"

"तुला तरी कुठे कळलं असतं?"

मेहुणा हसला नाही. "मग आता बोर्डावर काय लिहू? आमच्याकडे अंदाजे गाड्या उघडून मिळतील? आणि तुम्हाला पगार कशाचा देऊ, भावोजी?"

"पाना चालतो अजून माझा. मीटर घेऊन ये. बाईंना मी सांगतो."

गुरुवारी सकाळी गाडी जोडून झाली. बाईंनी ऐकून घेतलं.

"म्हणजे काम तासाभराचं होतं?"

"पाऊण तासाचं."

"आणि मी तीन दिवस घरी. चार मुलं गेली, मिस्त्री. ती काही परत यायची नाहीत." त्यांनी त्याच्या हातांकडे पाहिलं आणि नजर वळवली. "तुमच्या बोटांचं मी काय करू? गाडी चालू करून दाखवा."

मीटर अजून यायचं होतं. त्याने इंजिन सुरू केलं. "तुम्हीच हात लावा या पाइपला. काय लागतंय ते सांगत राहा."

"गार." मिनिटं गेली. काटा मध्यावर आला. "गारच आहे." तो काट्याकडे बघत उभा राहिला. "थांबा. कोमट… आता गरम. चांगलाच गरम."

बाईंनी हात पुसला आणि गाडी बाहेर काढली.

त्या दिवसापासून गाडी तपासायला मेहुण्याने दुसरा माणूस आणला, आणि मिस्त्री त्याने सांगितलेलं खोलू-जोडू लागला. सातव्या तारखेला पगार हातात आला. त्यातून नवं पॅकिंग, बोल्ट, व्हॉल्व्ह, कूलंट आणि हेड घासून सपाट करायचं फेसिंग, एवढ्याचं बिल भागलं. राहिले ते बाईंच्या घरी नेऊन दिले: तीन दिवसांचं बुडालेलं भाडं, आणि गेलेल्या चार मुलांचं एका महिन्याचं.