नैवेद्याची वाटी

गजेंद्र गावंडे यांनी अमरावतीत वऱ्हाडी थाळीचं नवं हॉटेल काढलं आणि स्वयंपाकाला सुभद्राबाईंना बोलावलं. पहिल्या दिवसाचं जेवण जमलं तरच नोकरी पक्की, असं ठरलं होतं.

नैवेद्याचं ताट देवापुढे गेलं, पाहुणे टेबलांवर बसले, पण गुरुजींचा पत्ता नव्हता. आरतीआधी कुणी चव घ्यायची नाही, अशी गजेंद्रच्या आईची, नर्मदाबाईंची, सक्त ताकीद होती. नेमकं तेव्हाच सुभद्राबाईंच्या मनात आलं, वरणात मीठ टाकलं का? फोडणी आठवत होती, गूळ आठवत होता, मीठ काही आठवेना. न चाखता टाकावं तर खारट होण्याची भीती.

"बाई, गुरुजी आले! आरती झाली का लगेच वाढा," गजेंद्र दारातून ओरडला.

नैवेद्य तर वेगळा काढलाय, असं मनाला समजावत त्यांनी पाठ फिरवून थेंबभर वरण जिभेवर ठेवलं. अळणी! घाईघाईने पातेल्यात मीठ घातलं. पण देवापुढच्या वाटीला हात कसा लावायचा?

पाहुणे दुसऱ्यांदा वरण मागू लागले, तरी त्यांचा जीव नर्मदाबाईंकडे लागला होता. प्रसादाचं ताट त्याच जेवत होत्या. पहिल्याच घासाला त्या थांबल्या.

"काहून वं सुभद्रा, नैवेद्याच्या ताटात मीठ वाढत नाहीत, हे मले मालूम हाय. पण वरणातबी टाकत नाहीत?"

"चुकलं, आई. पाहुण्यांच्यात मागून टाकलं."

"म्हंजे तू चाखलं?"

सुभद्राबाईंनी मान खाली घातली. म्हातारीने वाटी पुढे सरकवली.

"देवानं चालवून घेतलं, गिऱ्हाईक चालवून घेत नाही. थोडं मीठ आन. अन् उद्या लवकर येजो."