बाळंतपणानंतरची औटकी

स्त्री माता झाली की तिच्या बुद्धीला नवा जन्म मिळतो, असे मी शिकवत असे त्या मुलींच्या शाळेचे सेक्रेटरी दरवर्षी बक्षीस-समारंभात सांगत. मी माता झाले आणि आठवडाभरात मला तांब्याला काय म्हणतात ते आठवेना.

"ते दे गं, ते... पाण्याचं."

"तांब्या," आई म्हणाली. "पोटुशी होतीस तेव्हापासून हेच चाललंय. असू दे. आता तुला कोण परीक्षेला बसवतंय?"

बसवणार होते. मला शाळेत परत घ्यायचे की नाही हे ठरवायला सेक्रेटरी घरी येणार होते. गणित शिकवण्यावाचून मला दुसरे काही येत नव्हते, आणि दुसरे काही करावेसेही वाटत नव्हते.

माहेरी बाळंतिणीने वाचायचे नाही, डोळे जातात. कानांवर फडके घट्ट बांधायचे, वारा शिरतो. पुस्तके आईने माळ्यावर टाकली होती. मग मी शेगडीपाशी बसून मनात औटकी म्हणे, म्हणजे साडेतीनचा पाढा. बारा औटे बेचाळीसपर्यंत नीट जाई. पुढे बाळाची सकाळची शी हिरवट होती की पिवळी, हा प्रश्न मध्ये शिरे. पुन्हा पहिल्यापासून. उठावे, फेऱ्या माराव्यात, आईने दटावून बसवावे. डोक्यातले सामान कोणीतरी न विचारता हलवले होते आणि कुठे ठेवले ते सांगत नव्हते.

सव्वा महिना झाल्यावर एका दुपारी सेक्रेटरी आले. माझ्या कानांवर फडके होतेच.

"काय बाई, सतरा औटे?" त्यांनी हसत विचारले.

मी तोंड उघडले आणि उठून आतल्या खोलीत गेले. बाळाच्या तोंडावर दुपटे आले होते आणि ते त्याखाली धडपडत होते. रडले मात्र नव्हते. त्याच वेळी गिरणीचा भोंगा झाला म्हणे; तो मला ऐकू आला नाही.

"साडेएकोणसाठ," बाळाला घेऊन बाहेर येत मी म्हणाले.

"पण आपण उठलात कशासाठी?"

"मलाच ठाऊक नाही."

सेक्रेटरींनी डोळे मिटले. "मातृहृदय!"

"दुपटं हो, दुपटं," आई म्हणाली.

अशा विभागलेल्या चित्ताने अध्यापन होईल काय, यावर समितीला विचार करावा लागेल, असे सांगून ते गेले. समिती विचार करत होती तोवर मी खोलीत फेऱ्या मारत होते.

अखेर मला बिगरीचा, म्हणजे पहिलीच्याही आधीचा, वर्ग मिळाला. तिथल्या बाई लग्न होऊन मोडनिंबला गेल्या होत्या आणि दुसरे कोणी मिळत नव्हते.