आधी नाचवा, मग घ्या

"आधी नाचवा, मग घ्या," असं तो म्हणायचा आणि दुकानातच नाचवायला लागायचा.

शहापूरच्या बाजारात कॉम्प्युटरचं एक दुकान आहे, तिथली ही गोष्ट. हार्ड डिस्क आत बसवून लॅपटॉपला बाहेरून जोडायचा जो डबा असतो, त्याला आम्ही केसिंग म्हणतो. दुकानदाराने नवं केसिंग काढलं की हा, माझ्याच धंद्यातला एक जण, त्यात आपली डिस्क घालायचा, वायर दुकानातल्या लॅपटॉपला जोडायचा, गाणं चालू करायचा आणि डबा तळहातावर घेऊन, हळदीला करवल्या कलश नाचवतात तसा वरखाली, डावीउजवीकडे नाचवायचा. चेहरा मात्र सुतकातला. गाणं एकदा जरी अडखळलं की डबा काउंटरवर परत. "हा नाय. ह्याला घरी बसवा."

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेलच. त्याने आपलं काही वाकडं केलेलं नसतं, पण तो समोरून आला की आपल्या पोटात दुखायला लागतं. माझ्या पोटात तो पंधराएक वर्षं दुखत होता.

आमचा दोघांचा धंदा एकच, हळदीला आणि लग्नाला डीजे लावायचा. मी शहापूरचा, तो मुरबाड तालुक्यात सिद्धगडाखालच्या एका गावातला. त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळ्यांच्या तोंडी 'मुरबाडवाले'. माझे स्पीकर त्याच्यापेक्षा मोठे होते, माझे लाइट जास्त, माझा टेम्पो नवा. तरी लग्नाची तारीख ठरली की लोक आधी त्याला फोन करायचे. तो रिकामा नसला तर मग मी. कारण विचारलं की एकच उत्तर, "त्यांचं गानं थांबत नाय, दादा."

आता हे न थांबणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्याकडे हळदीला बेस असा लावतात की मांडवातली खुर्ची आपोआप सरकते. त्या हादऱ्याने टेबलावरची वायर केसिंगच्या खाचेतून केसभर हलते. केसभर पुरेसं आहे. लॅपटॉपला वाटतं डिस्क गेली, आणि गाणं बंद. कुणी म्हणेल, फोनवरून का लावत नाही? उंबरमाळीच्या पलीकडच्या पाड्यावर येऊन बघा. तिथे रेंजसाठी माणसं टेकडी चढून जातात. गाणी सोबतच न्यावी लागतात.

त्याचं केसिंग निवडणं म्हणजे मुलगी बघण्याचा कार्यक्रम असायचा. नाचवून झालं की तो डबा तसाच चालू ठेवून बाकड्यावर बसायचा. अर्ध्या तासाने उठून तो गालाला लावायचा. "ताप हाये ह्याला," म्हणायचा. प्लास्टिकचे बहुतेक डबे या तापात नापास व्हायचे. पत्र्याचा, ॲल्युमिनियमचा असला तर पुढची परीक्षा. गाणं थांबवून चहा मागवायचा आणि चहा पिऊन झाल्यावर पुन्हा गाणं लावायचा. काही केसिंगं अशी असतात की थोडा वेळ काम नसलं की झोपतात, आणि उठवायला गेलं की आठदहा सेकंद जांभया देतात. नवरीचा मामा माइकवर दोन शब्द बोलून होईपर्यंत असला डबा झोपलेला, आणि मग सगळा मांडव हात वर करून उभा. "झोपाळू हाये," असं म्हणून तोही परत. शेवटी वायर खाचेत घालून काढायची, पुन्हा घालायची, असं इतक्या वेळा की दुकानदार दुसरीकडे बघायचा.

एकदा मी मुद्दाम म्हणालो, "भाऊ, वेग बघितला का? हा दुप्पट फास्ट आहे."

"वेग कोनाला दाखवायचाय, दादा? तीन मिनटाचं गानं तीन मिनटातच वाजनार."

दुकानातली सगळी माणसं हसली. मीही हसलो.

मला सगळ्यात जास्त झोंबायचं ते दुकानदाराचं वागणं. मी केसिंग घ्यायला गेलो की तो हमखास एक काळा, ठोकळ्यासारखा डबा पुढे करायचा. "हा घ्या, मुरबाडवाल्यांनी पास केलाय." झालं. तो डबा जगातला सर्वांत उत्तम असता तरी मी घेतला नसता. मी शेजारचा उचलला. पारदर्शक, आत निळे दिवे, गाण्याबरोबर लुकलुकणारे. बाकड्यावर बसलेल्या मुरबाडवाल्याने तो माझ्या हातात बघितला आणि शांतपणे म्हणाला, "दिसायला नवरदेव हाये."

त्या नवरदेवाने महिन्याभरात माझी लाज काढली. वाशिंदला नव्या इमारतींच्या आवारात हळद होती. नवऱ्याची आई, गुडघ्याच्या दुखण्याने वर्षभर घराबाहेर न पडलेली बाई, ताट घेऊन नाचायला उतरली होती, आणि माझं गाणं गेलं. इतकी शांतता पसरली की कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू आली. मी वायर दाबतोय, निळे दिवे लुकलुकतायत, गाणं काही नाही. बाई ताट घेऊन तशीच उभी राहिली, मग हळूच खुर्चीत जाऊन बसली. मागून कुणीतरी बोललं, "मुरबाडवाल्यांनाच बोलवायला पायजे होतं."

तुम्ही म्हणाल, मग डबा बदलायचा. कसा बदलणार? बदलला असता तर तो खरा ठरला असता. मी वायरीला रबर बांधलं आणि धंदा चालू ठेवला.

आता तो या धंद्यात नाही. बेसने कान अधू झाले, त्याने सगळा सेट विकला आणि गावी भातशेती बघतो. शहापूरच्या बाजाराला येत नाही. म्हणून तर हे सगळं मी मोकळेपणी लिहितोय. ज्या दिवसासाठी लिहितोय तो मात्र त्याआधीचा आहे.

माझ्या मुलीचं, सायलीचं लग्न ठरलं. तिच्या हळदीला मशीनवर मी बसणार, हे ती पाळण्यात होती तेव्हापासून माझ्या मनात पक्कं होतं. लोकांच्या पोरी मी आयुष्यभर नाचवल्या होत्या. गाणी निवडून झाली होती. एके सकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली.

"पप्पा, हळदीला मुरबाडवाल्या काकांना सांगू या ना."

"का? मी मेलो काय?"

"तसं नाय ओ. तुमी मशीनवर बसलाव तं माज्याबरोबर कोन नाचंल?" मग ती म्हणाली, "आनि त्यांचं थांबत नाय."

पहिलं कारण माझ्या कानात शिरलंच नाही. दुसरं अजून आत आहे. दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. बायको म्हणाली, "काय तोंड केलंय, सवत आल्यासारखं." तिचं बरोबर होतं. सवतच आली होती, आणि फोन करून तिला बोलावायचं कामही माझ्याकडेच होतं.

तो आला. टेबलावर काळा ठोकळा मांडला. मला म्हणाला, "दादा, आज तुमी नुसतं नाचायचं." मी नवा शर्ट घालून मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिलो. खिशात माझा निळ्या दिव्यांचा डबा होता, रबरासकट. मुलीच्या हळदीत बाप खिशात हार्ड डिस्क घेऊन का फिरत होता, ते तुम्हाला सांगायला नको. देवाशप्पथ, मी मनातल्या मनात म्हणत होतो, एकदा बंद पडू दे. फक्त एकदा. पण गाण्यामागून गाणं चाललं होतं. सायली हात धरून ओढायला आली की मी पाहुण्यांचं निमित्त करून सटकत होतो. दोनदा आली, मग यायची थांबली. करवल्यांमध्ये नाचत होती, पण बघत माझ्याकडे होती.

आणि गाणं बंद पडलं.

सगळा मांडव टेबलाकडे वळला. "मुरबाडवाल्यांचं पन थांबलं?" माझा चुलतभाऊ मोठ्याने म्हणाला. खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी तोंडावरून रुमाल फिरवला.

तो माइकवर आला. "डिस्क गेली माजी. दादा, तुमच्याकडं काय हाये का?"

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझा हात खिशात होता. मी जवळजवळ धावत टेबलापाशी गेलो. तिथे बघतो तर त्याची वायर डब्यातून निघून बाजूला होती. हादऱ्याने निसटलेली वायर लोंबत असते. ही नीट गुंडाळून, गाठ मारून ठेवलेली होती.

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्या डब्याची खाच शोधत होता. "लावा लवकर," म्हणाला. "पोरगी थांबलीय."

ज्याचं थांबत नाही म्हणून दोन तालुक्यांत नाव, त्याने भरल्या मांडवात, माझ्या दारात, आपल्या हाताने थांबवलं होतं. पुढे लोक त्याला टोमणे मारत राहिले, त्याने कधी खुलासा केला नाही. मला हे सुचलं असतं का? सात जन्मांत नाही. त्या क्षणी मला त्याचा जितका हेवा वाटला, तितका त्या पंधरा वर्षांत कधी वाटला नव्हता.

मी माझं गाणं लावलं. स्पीकर तपासताना मी नेहमी लावायचो ते, ज्याच्यावर सायली लहानपणी आमच्या ओट्यावर उड्या मारायची. पहिल्या ठोक्यालाच ती टेबलाकडे यायला निघाली.

"वायर लूज आहे," मी त्याला म्हणालो.

"म्हाईत हाये. जा तुमी."

मला नाचता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. हात सारखे कुठलं तरी बटण शोधत होते. सायलीने दोन्ही हात घट्ट धरले आणि मला गोल फिरवलं. प्रत्येक फेरीत टेबल समोरून जायचं. तो त्यावर वाकून उभा होता, बेसने सगळं टेबल थरथरत होतं, निळे दिवे लुकलुकत होते, आणि माझी वायर त्याने अंगठ्याने खाचेत दाबून धरली होती. गाणं संपलं, दुसरं लागलं, मग तिसरं. प्रत्येक फेरीत मी बघत होतो. अंगठा तिथेच होता.