सर्वपित्रीला येगोरचं पान

प्रतिमाकाकूंच्या फॉल-पिकोच्या मशीनवर दर रविवारी दुपारी रशिया उतरायचा.

मशीनच्या चाकाला टेकवून ठेवलेला मोबाइल, त्यात पुण्याच्या गार्गीताई, नागपूरचे रामकाका आणि आणखी पंधरा-वीस चौकोन. सगळ्यांच्या हातात एकच पुस्तक, उशीएवढी जाड, जुनी रशियन कादंबरी, मराठीत आणलेली. पाळीपाळीनं मोठ्यानं वाचायची आणि पुढचं पान आधी कुणी उलटायचं नाही, हा ग्रुपचा नियम. गार्गीताईंचं वाचन मी अजूनही हुबेहूब करून दाखवते. प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज हळूच खाली ठेवायचा, काचेचा पेला असल्यासारखा. रामकाका पानागणिक खाकरायचे, आणि लढाई आली की उठून उभे राहायचे. मग पडद्यावर नुसतं पोट. काकूंची पाळी आली की मागून जळगाव जामोदचा बाजार, कांदेवाला, रिक्षा, आणि पुढून काकू: “बाहेर बर्फ पडून राह्यला होता.”

“प्रतिमाताई, पुस्तकात ‘पडत होता’ आहे हं.”

“तसं म्हणलं तर थांबल्यासारखा वाटते ना ताई. हा कुठी थांबून राह्यला?”

शिवणकाम करणाऱ्या बाईला रशियाचं एवढं काय, असं गल्ली विचारायची. गल्लीला येगोर माहीत नव्हता. येगोर म्हणजे कादंबरीतला घोडागाडीवाला. बायकोचं औषध आणायला बर्फातून निघतो, वळून एकदा हात हलवतो, आणि पुढं पानंच्या पानं त्याचा पत्ता नाही. काकूंचे यजमान शरच्चंद्रकाका, शाळेतले कारकून, असेच एका सकाळी डबा घेऊन निघाले ते आलेच नाहीत. त्यांची छकुली तेव्हा रांगत होती, आता माझ्यासोबत बारावीत आहे. पोलीस झाले, ज्योतिषी झाले. काकू कुंकू लावत राहिल्या. दाराशी पाऊल वाजलं की मशीन थांबायचं. कुणी म्हटलं, आता मान्य करा, तर म्हणायच्या, “मेलेला कोणी पाह्यला? मग?”

भाद्रपदात ग्रुपवर मतदान निघालं: येगोर मेला की जिवंत? सगळे म्हणाले, मेला. जिवंतच्या बाजूला एकट्या काकू. रामकाका खाकरून म्हणाले, “वहिनी, रशियाचा बर्फ आहे तो. रसवंतीतला नाही.”

काकू हसल्या नाहीत.

त्याच आठवड्यात जानेफळहून मंजुळाआत्या आल्या, काकूंच्या मोठ्या नणंदबाई. त्यांचं वाक्य फाटकापाशी सुरू होतं आणि पिशवी ठेवून, चप्पल काढून, पाणी पिऊन स्वयंपाकघरात संपतं.

“प्रतिमा, औंदा सर्वपित्रीले माह्या भावाचं पान वाढाच लागते. बारा वर्सं कधीचीच झाली. उपाशी फिरून राह्यला तो. माह्या सपनात येते, उंबऱ्यावर उभा राह्यते, बोलत नाही.”

“जिवंत माणसाचं पान वाढू बाई मी?”

“जिवंत असता तं बोलला नसता का वं?”

पान वाढलं की तो मेला. पोलिसांना जमलं नाही ते खिरीच्या वाटीनं होणार होतं.

अमावस्येच्या सकाळी वडे, खीर, कढी, गवारीची भाजी झाली. छकुली क्लासला गेली होती, म्हणून शेजारची मी वडे थापत होते. काकू जवळ सरकल्या आणि कुजबुजल्या, “कोणाले सांगू नको. हे पान येगोरचं हाय. सगळ्यांनी त्याले मेला म्हणलं, पण घास काढला का कोणी? त्याचंबी होऊन जाते, नणंदबाईंचं मन राह्यते, अन माहा माणूस वाचते.”

मला हसू आवरेना. काकूंनी डोळे वटारले, मग त्यांनाही आवरेना.

गच्चीवर पान ठेवलं. आत्यांनी हात जोडले, “ये रे शरद.” काकू ओठातल्या ओठात कुणाला बोलावत होत्या, ते फक्त मला ठाऊक होतं.

शेजारच्या गच्चीवर कावळ्यांची पंगत चालली होती. आमच्याकडं एकच आला. कठड्यावर बसला, मान वाकडी करून पानाकडं पाहिलं, आणि बसूनच राहिला. खिरीवर साय धरली.

काकूंचा चेहरा उजळत गेला. माझ्या कानाशी म्हणाल्या, “पाह्य, मेलाच नाही येगोर.”

आत्यांचा मात्र धीर सुटला. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचं काहीतरी अडलंय. ते ओळखून शब्द द्यावा लागतो.

“छकुलीचं लगन आम्ही करून देऊ रे!”

कावळा हलेना.

“प्रतिमाले एकटी पडू देणार नाही!”

कावळ्यानं चोच कठड्याला घासली. आत्या मटकन खाली बसल्या. आणि मग त्यांच्यातून जो आवाज आला त्याची नक्कल मी कधीच केली नाही. लहान पोरीसारखा, बारीक.

“शरद, तुही आण मोडते रे. सांगून टाकते तिले. त्या दिवशी तू माह्या घरी आला होता.”

काकूंचा हात माझ्या दंडावर होता. तो तिथंच राहिला.

“म्हणला, आता त्या घरी जात नाही. कोणी काही केलं नाही, म्हणला, मलेच नाही राह्यचं. म्याच त्याले मेहकरच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीत बसवून देलं. कोणाले सांगशीन तं माही आण हाय, म्हणला.”

कावळा उडाला, पानावर उतरला आणि वडा घेऊन गेला.

“शिवला!” आत्या रडता रडता हसल्या. “सुटला माहा भाऊ!”

“पान येगोरचं होतं,” काकू म्हणाल्या.

“कोण येगोर?”

“रशियाचा. पुस्तकातला.”

आत्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली.

“मंग मी हे कोणापुढं बोलली वं माय?”

कावळा परत आला आणि खीर खाऊ लागला.

खाली आल्यावर काकूंनी विचारलं, “जेवला होता का तुमच्याकडं, त्या दिवशी?”

“हाव.”

“काय केलं होतं?”

“पिठलं-भाकर.”

“पोटभर जेवला?”

आत्या पदराशी चाळा करत राहिल्या. “ठेचा मागून घेतला.”

दुसऱ्या दिवशी आत्या जानेफळला गेल्या. काकू शिवत राहिल्या. दाराशी पाऊल वाजलं की मशीन अजूनही थांबायचं, पण आता काकू उठायच्या नाहीत. पाऊल पुढं निघून जाईपर्यंत सुई कापडात तशीच.

रविवारी गार्गीताईंची पाळी होती. येगोरच्या बायकोला बर्फात चाहूल लागते, ती मेणबत्ती घेऊन दाराकडं निघते. गार्गीताईंचा पेला त्या दिवशी खाली ठेवलाच गेला नाही. “अगं बाई! प्रतिमाताई, तुमचंच खरं होणार की काय!”

“ताई, थांबा.” काकू मोबाइलवर वाकल्या. “तिले म्हणा, कडी लाव.”

रामकाका खाकरले. “वहिनी, जिवंत आहे म्हणून तुम्हीच तर...”

काकूंनी मोबाइल पालथा घातला. उठल्या, बाजाराच्या भर दुपारी रस्त्याकडचं दार लावलं, कडी घातली आणि येऊन मशीनपाशी बसल्या. पालथ्या मोबाइलमधून वाचन ऐकू येत राहिलं. ते त्यांनी बंद केलं नाही.

दार वाजलं.

काकू हलल्या नाहीत. मी फटीतून पाहिलं. “दीपमाला आहे, काकू. साडी न्यायला आलीय.”

“एकटीच हाय ना?”