मेणाच्या झाडावरचा अंगठा

शिरवळजवळच्या कारखान्यात आमी नवराबायको दोघंबी कामाला. ती मेणाच्या खोलीत, मी कवच फोडायला. साच्यातून मेणाचे पार्ट निघायचे, ती ते गरम सुरीनं मेणाच्या जाड दांड्याला चिकटवायची. त्याला आमी झाड म्हणतो. झाड पातळ लगद्यात बुडवायचं, वर रेती मारायची, वाळवायचं, परत बुडवायचं. कवच जाड झालं की वाफेनं मेण काढून टाकायचं, कवच भाजायचं आणि मेणाच्या जागी पोलादाचा रस ओतायचा. गार झालं की मी हातोडा घ्यायचा.

तिची एक सवय. झाड पुरं झालं की दांड्याच्या बुडाशी अंगठा दाबून बघायची, मेण घट्ट झालं का. पार्टावर डाग पडला तर माल बाद. दांड्याला कोण विचारतंय, कटरनं पार्ट कापून घेतले की तो परत भट्टीतच जातो. पण मेणावर जे उठतं ते पोलादावर उठतं, अंगठ्याच्या रेघासुद्धा. कवच फुटलं की मला कळायचं, हे आमच्या घरचं.

डबा खाताना म्हणायचो, "आज लय जोरात दाबलंस."

"आवं, तुमची मान हाय समजून दाबलं." बाकीच्या बायका तोंडाला पदर लावायच्या.

ती गेली ती अचानक. कामावरच छातीत दुखलं, साताऱ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. गावी, उंब्रजला, सगळं उरकलं. तेराव्याच्या पंगतीत माणसं जेवत होती आणि माझ्या डोक्यात एकच, तिची शेवटची झाडं वाळत टांगलेली होती. आतापर्यंत ओतून, फोडून झाली असणार. घरात तिचा फोटो एकच, आधारकार्डाचा. त्यात ती दिसतच न्हाई नीट.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं कारखान्यावर गेलो. भट्टीवाला म्हणाला, "मामा, दांडे सकाळीच टाकले की आत. थोडे ऱ्हायलेत त्या ढिगात."

ढीग उपसायला बसलो. सुपरवायझर आला. "काय शोधताय मामा?"

"बायकोचं झाड."

तो आधी हसला. मग माझं तोंड बघितलं आन् गेला. जरा वेळानं हातमोजे आणून टाकले माझ्यापुढं.

एक दांडा घावला. कटरचं पातं नेमकं अंगठ्यावरनं गेलेलं. अर्धाच राहिला होता. तेवढा कापून घेतला. गेटवर कुणी अडवलं न्हाई.

कारखाना मी सोडला. तुकडा टीव्हीशेजारी ठेवलाय. साधं कार्बनचं पोलाद, दमट हवेत लगेच गंज धरतं. पोरगा फोनवर म्हणाला, आलो की ब्रशनं घासून रंग मारून देतो. म्हणलं, हात लावायचा न्हाई.

तिच्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली हाय. दिवेलागणीला बोटावर थेंब घेतो आन् नुसता टेकवतो. चोळत न्हाई. रेघा झिजतील.